नऊ वर्षांच्या मुलाचे वाढते वजन: अनुवंश की घरातल्या सवयी?

प्रश्न: एक आई, वेंगुर्ले

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत आहे. शाळेतल्या आरोग्य तपासणीत त्याचे वजन 38 किलो आणि उंची 132 सेंटिमीटर भरली व डॉक्टरांना दाखवण्याचा शेरा कार्डावर आला. यजमान आणि सासरे दोघेही स्थूल असल्यामुळे ‘हे आमच्या घराण्यातच आहे, उंची धरली की अंग आपोआप उतरेल’ असे घरात सगळे म्हणतात. सासूबाईंचे बालपण फार हलाखीत गेले. एका तपेलीतली पेज पाच भावंडांत वाटून घेतल्याचे त्या आजही सांगतात, त्यामुळे नातवाच्या ताटात काही कमी पडू नये हाच त्यांना ध्यास असतो, आणि त्यांचा शब्द मला मोडवत नाही. यजमान दुकान बंद करून आले की रात्री दहाला आम्ही एकत्र जेवतो, मुलगा अकरा वाजता झोपतो आणि सहाला उठतो, कारण सातला शाळेची व्हॅन येते. आणखी एक गोष्ट: त्याच्या मानेवर काळसर पट्टा आला आहे. मळ समजून मी बेसन आणि लिंबू लावून चोळते, पण तो निघत नाही.

उत्तर 1: बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

ताई, मान चोळणे कृपया आजच थांबवा. स्थूल मुलांच्या मानेवर किंवा काखेत येणारा असा जाडसर, मखमली काळेपणा बहुधा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. म्हणून रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृताची तपासणी करून घ्यावी.

वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता त्याचा बॉडी मास इंडेक्स सुमारे 21.8 येतो. मुलांसाठी मोठ्यांचे आकडे चालत नाहीत; भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वर्षांसाठी वाढीचे तक्ते दिले आहेत आणि त्यांनुसार नवव्या वर्षी हा आकडा स्थूलतेत मोडतो. अनुवंशाचा वाटा नाकारता येत नाही, परंतु सासूबाईंच्या पिढीपासून आजपर्यंत घराण्याची जनुके बदललेली नाहीत. बदलले आहे ते ताट, झोप आणि हालचाल. थायरॉइडसारखी कारणे क्वचित आढळतात आणि त्यांत उंचीची वाढ सहसा मंदावते, म्हणून उंचीची जुनी नोंद सोबत आणावी.

त्याला उपाशी मात्र ठेवू नका. वजन 38 किलोवरच राहिले आणि उंची 138 सेंटिमीटर झाली, तरी हाच आकडा 20 वर येतो. या वयात 9 ते 12 तासांची झोप लागते, त्याला सातच मिळते. झोप कमी झाली की भूक वाढते, आणि ती भूक भाजीची नसते.

उत्तर 2: एक वडील, मालवण

आमच्या हातून झालेली चूक सांगतो. मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही फक्त तिचेच ताट वेगळे केले. तिच्यासमोर उकडलेली भाजी आणि आमच्यासमोर तळलेले बांगडे. महिनाभराने माळ्यावर, जुन्या कणगीमागे, वेफर्सची रिकामी पाकिटे घड्या घालून ठेवलेली सापडली. त्या घड्या पाहून मला फार वाईट वाटले, कारण ती लपून खायला शिकली ती आमच्यामुळे. त्यानंतर फरसाणाचे डबे घरातून गेले ते सर्वांसाठीच, आणि जेवताना मोबाइल बंद झाला तो प्रथम माझा.

पेयांकडेही लक्ष द्यावे. कोकमाचे म्हणून आपण निर्धास्तपणे अमृत कोकम देतो, पण तो साखरेचा पाक असतो. आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस), पाणी, मीठ आणि जिरे एवढ्याचीच मुलीला आता गोडी लागली आहे. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनाही आम्ही बिस्किटांऐवजी बॅट-बॉल आणायला सांगतो.

उत्तर 3: निवृत्त शिक्षिका, दापोली

सासूबाईंना बाजूला सारून हे साधणार नाही, आणि तसे करूही नये. ज्यांनी भूक सोसली त्यांना भरलेले ताट म्हणजे माया वाटणारच. संध्याकाळच्या खाण्याची जबाबदारी त्यांच्याकडेच सोपवा: नाचणीची आंबील, कुळथाचे कढण, एखादी आंबोळी. मात्र काय आणि केव्हा द्यायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे हे मुलाने. ‘ताट पुसून टाक’ हा आग्रह तेवढा सोडावा.

जागतिक आरोग्य संघटना या वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगण पाण्याखाली असते, म्हणून पडवीत दोरीच्या उड्या आणि फुगड्या चालू ठेवाव्यात; उघडीप मिळाली की त्याला झावळ्या ओढायला सोबत घ्यावे. आणि ‘जाड्या’ ही हाक घरात कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. वर्गात अशी हाक ऐकलेली मुले खेळाच्या तासाला भिंतीला टेकून उभी राहताना मी पाहिली आहेत.

प्रश्नकर्त्या: वेंगुर्ले

सर्वांचे मनापासून आभार. मानेविषयी वाचून डोळ्यांत पाणी आले. त्याला दुखायचे आणि मी चोळतच असे. सोमवारी तपासणीला नेत आहोत. सासूबाईंना उत्तरे वाचून दाखवली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या की त्याला साडेसातला आपण स्वतः सोबत बसून जेवायला घालू आणि नऊला झोपवू. यजमानांनी रविवारची सकाळ त्याच्यासोबत किनाऱ्यावर चालण्यासाठी ठेवली आहे. दुकान लवकर बंद करण्याचे अजून जमलेले नाही. तुमच्यापैकी कोणी दुकानदार असल्यास हे कसे जमवता ते कृपया कळवावे.