वंशावळीत नाती नेमकी कशी लिहावीत? भाचा-पुतण्या, मामे-आते, चुलतचुलत

शेवंता_क
पाच पिढ्यांची वंशावळ टाइप करते आहे, माहेर आणि सासर दोन्हीकडची. प्रत्येक नावापुढे माझ्याशी असलेलं नातं लिहायचं आहे. तीन ठिकाणी अडले. माझ्या भावाचा मुलगा भाचा की पुतण्या? वडिलांच्या चुलतभावाच्या मुलांना काय लिहायचं? मामाची मुलं माझी मामेभावंडं, तर त्यांच्या पानावर माझ्यापुढे काय लिहू? जाणकारांनी सांगावं.

बोरूबहाद्दर
पहिल्या प्रश्नात सगळ्यात जास्त गफलत होते, कारण इथे बोलणारा पुरुष की स्त्री यावर शब्द बदलतो. पुरुषाच्या भावाची मुलं पुतणे, बहिणीची भाचे. स्त्रीच्या भावाची मुलं मात्र भाचे, कारण ती त्यांची आत्या. तिचे पुतणे म्हणजे दिराची मुलं. तेव्हा तुमच्या भावाचा मुलगा तुमचा भाचा. अ‍ॅपमध्ये इंग्रजीचं भाषांतर होऊन सरसकट 'पुतण्या' येतं, ते हाताने दुरुस्त करा.

मामे आणि आते ही एकाच नात्याची दोन टोकं आहेत. तो तुमचा मामेभाऊ, तर तुम्ही त्याची आतेबहीण, कारण तुमची आई त्याची आत्या. चुलत आणि मावस मात्र दोन्हीकडून सारखंच.

चुलतचुलत ओळखायला सामाईक पूर्वज शोधा. आजोबा एक असतील तर चुलतभाऊ, पणजोबा एक असतील तर चुलतचुलत. वडिलांचे चुलतभाऊ तुमचे चुलतकाका, त्यांची मुलं तुमची चुलतचुलत भावंडं.

माजघर
वरच्या उत्तराला जोडून, सासरच्या बाजूचं. 'मेहुणा' हा शब्द वंशावळीत एकटा लिहू नका. तो बायकोच्या भावालाही म्हणतात आणि बहिणीच्या नवऱ्यालाही. साडू निःसंदिग्ध आहे: बायकोच्या बहिणीचा नवरा. आत्याच्या नवऱ्याला कुठे आतोबा, कुठे मामा, शहरात सर्रास काका म्हणतात, म्हणून तिथे सरळ 'आत्याचे यजमान' लिहिलेलं बरं. 'नातू'सुद्धा मुलाचा की मुलीचा हे सांगत नाही. ते नोंदवायलाच हवं, नाहीतर पुढची पिढी चुकीच्या आडनावाखाली शोधत बसेल.

हाकेचा शब्द आणि नात्याचा शब्द वेगळा ठेवा. दिराला हाक भावोजी, नणंदेला वन्स. जुन्या घरांत सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणत. आत्याच्या किंवा मामाच्या घरी मुलगी देण्याची रीत होती, तिची ही खूण. जुन्या पत्रात 'आत्याबाई' दिसलं की आधी लिहिणारी कोण ते पाहा. ती सासू असू शकते. ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण एका शब्दापायी अख्खी शाखा भलत्या घराला जोडली जाते.

तशीच दुसरी अडचण नावाची. लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती. त्यामुळे माहेरच्या कागदात एक नाव, सासरच्या कागदात दुसरं, आणि वंशावळीत एकाच बाईच्या दोन बायका होतात. प्रत्येक विवाहितेपुढे माहेरचं पूर्ण नाव आणि सासरचं पूर्ण नाव अशा दोन ओळी ठेवा. दत्तकाच्या नोंदीत जनक आणि दत्तक, दोन्ही वडील लिहा.

ऱ्हस्वदीर्घ
लिहिताना या रूपांत हमखास चुका होतात: दीर पण दिराला, सून पण सुनेला, विहीण पण विहिणीला, जावई पण जावयाला, नातू पण नातवाला. जाऊचं अनेकवचन जावा, सासूचं सासवा. चुलतभाऊ, मावसबहीण, मामेसासरे हे जोडूनच लिहा.

शेवंता_क
मोठा गुंता सुटला. हीच वंशावळ जात पडताळणीला जोडता येईल का?

बोरूबहाद्दर
ताई, त्यासाठी वेगळी काढा. तिथे वडिलांकडचे रक्तनातेवाईक लागतात: वडील, आजोबा, पणजोबा, काका, आत्या, चुलतभावंडं. आत्या चालते, पण तिची मुलं तिच्या सासरच्या वंशावळीत जातात. मामा-मावशी, दीर-नणंद यात येत नाहीत. ही वंशावळ शपथपत्रावर द्यायची असते, त्यामुळे शाळेच्या दाखल्यातलं नाव आणि तुम्ही लिहिलेलं नाव अक्षरशः जुळवून घ्या. 'आण्णा', 'बापू' ही घरची नावं लिहायचीच असतील तर दाखल्यातल्या नावापुढे 'ऊर्फ' घालून.