वरच्या मजल्यावरच्या काकांना गळतीबद्दल ठामपणे कसं सांगू?

चिंगी
आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीये, पोपडे पडताहेत, पाणी गीझरच्या प्लगपाशी उतरतंय. वरचे काका रिटायर्ड, सोसायटीत वजन असलेले, मला लहानपणापासून ओळखतात. विषय काढला की "अगं, पावसाळ्यात सगळीकडेच ओल येते, तुझे बाबा कधी काही बोलले नाहीत" म्हणतात आणि चहा पाजून परत पाठवतात. नवरा म्हणतो, ग्रुपवर फोटो टाक. मला भांडायचं नाहीये, पण गप्पही बसवत नाही. काय बोलू?

खडूस_शेजारी
टाका की फोटो. आमच्याकडे फोटो पडल्यावरच प्लंबर आला. (वरचे लिफ्टमध्ये अजून बोलत नाहीत, ते सोडा.)

पन्हं
अजिबात नको! चारचौघांत विषय निघाला की गळती राहते बाजूला आणि मानापमान सुरू. समोरासमोर बोला. मग त्यांनाच एक मेसेज, "ठरल्याप्रमाणे रविवारी ११ ला प्लंबर येतोय." तेवढी नोंद पुरे.

अनुराधा_ठाणे
चिंगी, तुमची सुरुवात "काका, राग मानू नका हं, पण जरा..." अशी होत असणार. ते आधी काढा. बोलण्याआधीच माफी मागितली की समोरच्याला कळतं, हिचं चहावर भागेल. काय दिसतंय, त्याचा त्रास काय आणि हवंय काय, एवढंच बोला: "काका, छतातून पाणी गीझरच्या प्लगपाशी उतरतंय. मला बटण लावायची भीती वाटते. रविवारी प्लंबरला बोलावतेय, तुम्हाला सकाळ सोयीची की संध्याकाळ?" 'तुम्ही लक्षच देत नाही' नको, त्याने भांडण त्यांच्या स्वभावावर जातं.
ते बाबांवर गेले तर तिथे वाद घालायचा नाही. "हो काका, बाबा नाही बोलले. पण पाणी प्लगपाशी येतंय. रविवारी सकाळी चालेल?" पुन्हा टाळलं तर पुन्हा तेच, त्याच आवाजात. चहा खुशाल घ्या, वेळ ठरल्याशिवाय उठू नका :)

जुना_सेक्रेटरी
जाण्याआधी नियम माहीत असू द्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, पावसाचं पाणी किंवा बाहेरचा सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चाने. संडास, सिंक वगैरे घरातली गळती संबंधित फ्लॅटधारकांच्या खर्चाने. म्हणजे पाणी येतंय कुठून, हे आधी ठरवा. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं भोक) बंद करून रंगीत पाणी २४ तास साठवून ठेवतात. खाली रंग उतरला तर वाद संपला. नाही उतरला तर पाइप बघायचे.

चिंगी
अनुराधा, अगदी अश्शीच सुरुवात करते मी! सेक्रेटरी, पण रंगीत पाणी म्हटलं तर संशय घेतल्यासारखं नाही वाटणार त्यांना?

जुना_सेक्रेटरी
म्हणा, "तुमच्याकडून नसेल तर तेही कळेल, मग सोसायटीला आपण दोघं मिळून अर्ज देऊ." बहुतेक तयार होतील. आणि रविवारपर्यंत थांबू नका, गीझरचं बटण बंदच ठेवा, वायरमनला आजच दाखवा.