पावसाळ्यात ऑटो-रिक्लोझरला किती वेळा लाईन देऊ द्यायची?

खांबावरचा:
११ केव्हीच्या ग्रामीण फिडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनवर) रिक्लोझर, म्हणजे फॉल्टला लाईन तोडून थोड्या वेळानं आपोआप परत जोडणारं यंत्र, बसतं आणि सेटिंग बरेचदा नेहमीचंच ठेवलं जातं: दोन जलद ट्रिप (लाईन तोडणं), दोन संथ, मग लॉकआउट (आपोआप परत जोडणं बंद). म्हणजे तार तुटून शेतात पडली तरी यंत्र तिच्यात तीनदा वीज सोडणार. माझं मत स्पष्ट आहे. उघड्या तारांच्या फिडरवर जून ते सप्टेंबर एकच रिक्लोझ, आणि सेन्सिटिव्ह अर्थ फॉल्टवर (जमिनीत जाणारा अगदी थोडा प्रवाहही ओळखणारं संरक्षण) ट्रिप झाली तर एकही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात फेब्रुवारी २००९च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. किलमोर ईस्टची आग तुटलेल्या वीजतारेनं लागली होती. चौकशी आयोगानं शिफारस केली की एकतारी ग्रामीण लाईनवर ऐन जोखमीचे ६ आठवडे रिक्लोझ बंद ठेवा, २२ केव्हीवर आगबंदीच्या दिवशी एकदाच. तिकडे सुकं गवत, आपल्याकडे लावणीला वाकलेली माणसं.

रात्रपाळी:
ओव्हरहेड लाईनवरचे ७०-८० टक्के फॉल्ट तात्पुरते असतात. माडाची झावळी, वटवाघूळ, कडाडलेली वीज. एकच रिक्लोझ ठेवलात तर झावळी सुटायच्या आत लॉकआउट. मग रात्री दोनला वायरमन बॅटरी घेऊन, वहाळ ओलांडत पोल बघत फिरणार. त्याचा जीव हिशेबात धरलाय का? आणि रिक्लोझर नसतं तिथे सबस्टेशनचा ऑपरेटर ट्रायल (लाईन टिकते का बघायला हातानं चालू करणं) घेतोच की! यंत्र निदान मोजून देतं.

खांबावरचा:
झावळीसाठी डेड टाइम (ट्रिप आणि रिक्लोझमधला वेळ) वाढवा ना, संख्या कशाला? अर्ध्या सेकंदाऐवजी १५-२० सेकंद द्या. आणि लाईन बघितल्याशिवाय ऑपरेटरचीही ट्रायल नको.

कातळकर:
एक की तीन, यावर भांडताय, पण ट्रिपच झाली नाही तर? कातळावर किंवा डांबरावर पडलेली तार कित्येकदा पाच-दहा अँपिअरसुद्धा ओढत नाही. अर्थ फॉल्टचा पिकअप, म्हणजे ट्रिपची मर्यादा, ४० अँपिअरवर असेल तर रिलेला (फॉल्ट ओळखणाऱ्या उपकरणाला) काही कळणारच नाही, लाईन चालूच राहील. सेन्सिटिव्ह अर्थ फॉल्ट ४-५ अँपिअरवर, काही सेकंदांच्या विलंबानं लावा. जोडीला तुटलेल्या तारेचं एलिमेंट चालू करा. ते निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह सिक्वेन्स प्रवाहांचं गुणोत्तर, म्हणजे तीन फेजमधला असमतोल, बघतं. नव्या रिलेंत बहुधा असतं, चालू करायचं कुणी मनावर घेत नाही.

रात्रपाळी:
४ अँपिअर? किनाऱ्यालगत इन्सुलेटरवर मीठ चढलेलं असतं. पहिल्या सरीला त्यातून प्रवाह गळून फिडर बंद पडेल. असं चारदा झालं की वैतागून कुणीतरी ते फंक्शनच बंद करून टाकेल, आणि पुढच्या साहेबाला पत्ताही नसेल.

डीओवाला:
एका रिक्लोझला माझा पाठिंबा. पहिली ट्रिप जलद, तात्पुरता फॉल्ट असेल तर डीओ (खांबावरची ड्रॉप-आउट फ्यूज) वाचला. दुसरी संथ, म्हणजे स्परवर (फाट्याच्या लाईनवर) खरा फॉल्ट असेल तर डीओ आधी उडतो आणि बाकीचा फिडर चालू राहतो. अट एकच, डीओत मापाची फ्यूज हवी. दोन-तीन पदरी जाड तार गुंडाळलेली असेल तर रिक्लोझर आणि फ्यूजच्या वेळेचे वक्र जुळवण्यात घालवलेला वेळ फुकट.

रात्रपाळी:
मग आधी डीओ सुधारा.

खांबावरचा:
त्याला टेंडर लागतं. सेटिंगला लॅपटॉप आणि अर्धा तास.

रात्रपाळी:
आणि ऑक्टोबरात परत कोण बदलणार? पावसाळी सेटिंग यंत्राच्या दुसऱ्या सेटिंग ग्रुपमध्ये भरा, कंट्रोल रूममधून स्काडावर (दूरनियंत्रण यंत्रणेवर) बदलता येऊ द्या. एवढं असेल तर एका रिक्लोझला माझी हरकत नाही. ४ अँपिअरला मात्र अजून आहे.