सिरीयल लाइनवरचं पीपीपीडी अपडेट करायचं आहे, पण आत जायचा रस्ता तीच लाइन, काय करू?

बागेतला_लॉगर
नमस्कार मंडळी, नागपूरवरून लिहून राहिलो. काटोल आणि कळमेश्वर साइडला संत्र्याच्या बागांमध्ये आमचे लॉगर लागले आहेत, तापमान, पाऊस, मातीतला ओलावा वगैरे. प्रत्येक डब्यात एक छोटा लिनक्स बोर्ड आणि त्याला यूएसबीनं लावलेला सिमकॉम ७६०० मॉड्यूल. नेट पीपीपीवर (सिरीयल लाइनवरून आयपी नेणारा प्रोटोकॉल) चालते, म्हणजे चॅट स्क्रिप्ट मॉडेमला *९९# डायल करायला लावते आणि मग पीपीपीडी हा पीपीपी चालवणारा प्रोग्राम लाइन धरते. बोर्डावर डेबियन १० आहे. ज्यानं हे सगळं बसवलं तो पोट्टा पुण्याला नोकरीवर गेला आणि आता हे माझ्या गळ्यात.

आता झालं असं की क्लायंटकडून ऑडिटवाला आला, त्यानं एक स्कॅनर फिरवला आणि रिपोर्टात लाल अक्षरात लिहून दिलं की पीपीपीडी २.४.७ आहे, सीव्हीई-२०२०-८५९७ (सुरक्षेतल्या एका भोकाचा नोंद क्रमांक) लागू होते, धोक्याचा स्कोअर १० पैकी ९.८, ताबडतोब अपडेट करा. मी पाहिलं तर नवीन म्हणजे २.५ वाली सिरीज चालू आहे. तर सोर्सवरून २.५ कंपाइल करून टाकू का? का सरळ डेबियन १२ वर उडी मारू?

खरा लोचा असा की सिमला पब्लिक आयपी नाही, रिव्हर्स टनेलनं, म्हणजे बोर्डानंच आमच्याकडं उघडलेल्या वाटेनं, एसएसएच (दुरून लॉगिन) करतो, तो टनेल त्याच पीपीपीवरून येतो. लाइन गेली की बोर्ड गेला. आणि मे महिन्यात भर दुपारी बागेत जाऊन डबा उघडायला कोणी तयार नाही, काही बागांच्या फाटकाला कुलूप असते. त्यात मृग बहारासाठी झाडं ताणावर (पाणी तोडलेली) आहेत, शेतकरी रोज ओलाव्याचा आकडा पाहून राहिले, डेटा बंद पडला तर फोनवर फोन येतील.

हिंगणा_एमआयडीसी
पीपीपी फेकून दे न भाऊ. २०२० नंतर कोण वापरते बे पीपीपी ४जी वर. मॉड्यूलला आरएनडीआयएस मोडमध्ये टाक, एक एटी कमांड (मॉडेमला द्यायचा हुकूम) आहे यूएसबी पीआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, ९०११ करायची, मग लॅन कार्डासारखा इंटरफेस दिसते, डीएचसीपी मार आणि झोप. स्पीड पण वाढते.

तार_आणि_टोन
हिंगणावाल्या भाऊंचं म्हणणं नवीन डब्यासाठी बरोबर आहे, पण ती कमांड दुरून मारली की मॉड्यूल स्वतःच रिस्टार्ट होतो, पोर्टांची नावं बदलतात, चालू लाइन तिथंच तुटते. समोर बसून करायचं काम आहे ते, काटोलच्या डब्यावर नागपुरातून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. स्कॅनरनं फक्त २.४.७ हा आकडा वाचला आणि घंटी वाजवली. डेबियनवाले स्टेबलमध्ये नवीन आवृत्ती आणत नाहीत, जुन्याच आवृत्तीला पॅच लावतात आणि पॅकेजच्या नंबरला शेपूट जोडतात. डीपीकेजीला (डेबियनचं पॅकेज टाकायचं टूल) विचारा पीपीपी पॅकेजचा पूर्ण नंबर काय. २.४.७-२+४.१+डेब१०यू१ असं आलं तर हे भोक फेब्रुवारी २०२० मध्येच बुजलेलं आहे, काही करायची गरज नाही, ऑडिटवाल्याला चेंजलॉगचा स्क्रीनशॉट द्या. शेवटचं डेब१०यू१ नसेल तर मात्र खरंच उघडं आहे.

भोक काय होतं तेही सांगतो, कारण त्यावरून घाई किती करायची ते कळते. ईएपी ही समोरचा कोण ते तपासायची एक पद्धत, तिच्या कोडच्या फाइलीत समोरच्याचं नाव ठेवायला २५६ बाइटची जागा स्टॅकवर आहे, नाव त्यात मावते का हे तपासणारी अट चुकीची लिहिली गेली होती, त्यामुळे लांब नाव आलं की जागेबाहेर लिहिलं जायचं. २.४.२ पासून २.४.८ पर्यंत सगळ्यात होतं. वाईट भाग हा की तुम्ही ईएपी वापरत नसाल, नाकारलं असेल, तरी पीपीपीडी ते पॅकेट वाचायचंच, म्हणून ऑप्शन फाइलीत ईएपी बंद करून सुटका नव्हती. पीपीपीडी रूट म्हणून चालते म्हणून स्कोअर एवढा वर.

पण ते पॅकेट पाठवणार कोण? पीपीपीची फ्रेम आयपीच्या खालची गोष्ट आहे, इंटरनेटवर बसलेला कोणी ती तुमच्याकडे फेकू शकत नाही. लाइनच्या दुसऱ्या टोकाला जो बसला आहे तोच पाठवू शकतो. आणि तुमच्या डब्यात दुसरं टोक म्हणजे टॉवर नाही, तो मॉड्यूलच आहे. एलसीपी, आयपीसीपी, म्हणजे लाइन जोडायची आणि आयपी ठरवायची सगळी बोलणी बोर्ड आणि मॉड्यूलमधल्या त्या वीतभर वायरवर होतात, मॉड्यूल तिथंच पीपीपी सोलून आयपी पुढं पाठवते. म्हणजे हल्ला करणाऱ्याला आधी मॉड्यूलचं फर्मवेअर ताब्यात घ्यावं लागेल. पॅच लावायचाच, पण ९.८ वाचून आज रात्री घाम गाळत काही करू नका.

सोर्सवरून २.५ तर मुळीच नको. २.५.० पासून बिल्ड सिस्टीम बदलली, ऑटोकॉन्फवर गेली. काही न सांगता बांधलं तर बायनरी यूएसआर-लोकलमध्ये जाते आणि ते इटीसी फोल्डरपण लोकलमधलंच पाहते, तुमच्या पीअर्स (कनेक्शनची सेटिंग) आणि चॅप-सिक्रेट्स (पासवर्ड) फाइली जुन्या जागी राहतात. मशीनवर दोन पीपीपीडी होतात आणि कोणतं उठेल ते सर्व्हिस फाइलीत कोणता पाथ लिहिला आहे त्यावर. वरून पुढचे सिक्युरिटी पॅच तुम्हालाच पाहत बसावे लागतील, ऑडिटवाला पुढच्या वर्षी परत येणारच.

बागेतला_लॉगर
काका, लय धन्यवाद. आत्ता सगळ्या बोर्डांवर जाऊन पाहिलं. बहुतेकांवर डेब१०यू१ दिसून राहिलं. पण काही डब्यांवर नुसतंच २.४.७-२+४.१ आहे, ते बहुतेक जुन्या मेमरी कार्डाची इमेज मारून बसवले असतील आणि कधी अपग्रेड झालेच नाहीत. त्यांच्यावर एपीटी अपडेट (पॅकेजांची यादी आणायची कमांड) मारलं तर ४०४ (फाइल सापडत नाही) येते. आता काय?

तार_आणि_टोन
४०४ येणारच, डेबियन १० चा एलटीएस (वाढीव सपोर्ट) ३० जून २०२४ ला संपला, फाइली आर्काइव्ह सर्व्हरवर गेल्या. तिथला पत्ता सोर्सेस लिस्टमध्ये टाकता येतो, पण रिलीज फाइलीची तारीख उलटून गेलेली असल्यानं एपीटी कुरकुर करते आणि मग ती तपासणी बंद करा वगैरे नाद लागतो. एका पॅकेजसाठी एवढं कशाला. ऑफिसच्या मशीनवर आर्काइव्हमधून ती एकच डेब (पॅकेजची) फाइल उतरवा, बोर्ड ३२ बिट असेल तर एआरएमएचएफ वालीच घ्या, चेकसम जुळवा आणि एससीपीनं वर ढकला. काहीशे केबीची फाइल आहे. सोबत आत्ता चालू असलेल्या आवृत्तीची डेब फाइलपण बोर्डावर ठेवा, ती लागेल.

रात्रपाळी_बुटीबोरी
मी अशाच डब्यांवर काम करतो, पंपांचे आहेत आमचे, सीरियलवरच. काकांनी काय टाकायचं ते सांगितलं, कसं टाकायचं ते मी सांगतो कारण लाइन तिथंच जाते.

पहिली गोष्ट, डेब फाइल इन्स्टॉल केल्यानं चालू लाइन तुटत नाही. चालू असलेली प्रोसेस जुन्याच बायनरीवर चालत राहते, फाइल डिस्कवरून बदलली तरी तिला फरक पडत नाही. नवीन पीपीपीडी खरं उठते ते पुढच्या डायलला. म्हणून लोक इन्स्टॉल करतात, सगळं ठीक दिसते, घरी जातात, आणि रात्री टॉवरनं लाइन टाकली की तेव्हा कळते काय बिघडलं ते. तर इन्स्टॉल झाल्यावर लाइन मुद्दाम स्वतः पाडायची, तुम्ही जागे असताना, शक्यतो सकाळी.

पाडायच्या आधी परतीची सोय. नुसतं शटडाउनला अर्ध्या तासानं रीबूट लावून ठेवतात काही लोक, त्यानं नवीनच पीपीपीडी परत उठते, उपयोग शून्य. एटी नावाची जी शेड्युलवाली कमांड आहे, मॉडेमची एटी नाही, तिच्यात वीस मिनिटांनंतरचं काम लावा, जुनी डेब परत इन्स्टॉल कर, इटीसी पीपीपी फोल्डरचा बॅकअप जागेवर ठेव आणि मग रीबूट. लाइन परत आली आणि तुम्ही आत गेले की ते काम रद्द करा. नाही आली तर बोर्ड आपोआप कालच्या स्थितीत येईल. हे सगळं टीमक्सच्या (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणारं टूल) आत करा, नाहीतर एसएसएच तुटलं की अर्धवट इन्स्टॉल लटकेल. आणि डीपीकेजी मधेच विचारते की ऑप्शन फाइल तुमची ठेवू की पॅकेजची, तिथं उत्तर द्यायला कोणी नसलं तर तो तसाच बसून राहते, म्हणून फोर्स-कॉन्फ-ओल्ड (जुनीच ठेव) देऊन टाका.

दुसरं म्हणजे पोर्ट. ७६०० पाच यूएसबी पोर्ट दाखवते, त्यातला टीटीवाययूएसबी२ एटी कमांडचा आणि टीटीवाययूएसबी३ डेटाचा. पीअर फाइलीत नुसतं यूएसबी३ लिहिलं असेल तर रीबूटनंतर दुसरं एखादं यूएसबी-सिरीयल आधी उठलं की नंबर सरकतात, तुमच्याकडं तर सेन्सरसाठी आरएस-४८५ कन्व्हर्टर असेलच. त्यापेक्षा डेव्ह सिरीयल बाय-आयडी खालचा लांबलचक पाथ लिहा, ज्याच्या शेवटी आयएफ०३ आहे तो. हा बदल अपडेटच्या दिवशी नको करू, आधी एकट्यानं करून पाहा, एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या की बिघाड कशानं आला ते कळत नाही.

डिबग ऑप्शन चालू करून लॉग फाइलीत वळवून ठेवा. लाइन नाही आली आणि बोर्ड जुन्यावर परतला तर निदान पाहता येईल. पीपीपीडीचा एक्झिट कोड ८ आला तर चॅट स्क्रिप्ट फेल, म्हणजे मॉडेम बोलूनच नाही राहिला किंवा पोर्ट चुकलं, ७ आला तर पोर्टच उघडलं नाही, १० म्हणजे पीपीपीची बोलणी फसली, १५ म्हणजे एलसीपी इकोला उत्तर नाही, १६ म्हणजे मॉडेमनं फोन ठेवला. आमच्या साइटवर बहुतेक वेळा १६ येते आणि ते लाइट गेल्यामुळे असते, सॉफ्टवेअरचा काही संबंध नसते.

बागेतला_लॉगर
भाऊ हे जबरदस्त. बाय-आयडीवाला बदल आज एका कळमेश्वरच्या डब्यावर केला, आरएस-४८५ कन्व्हर्टर आहेच तिथं, परत डायल झाली. आणि डेबियन १२ चं काय मग? ऑडिटवाला म्हणेल की १० च जुनं आहे.

तार_आणि_टोन
त्यात तो बरोबर आहे, १० वर आता कशालाच पॅच येत नाही, पीपीपी तर सोडा, कर्नल आणि ओपनएसएसएल पण तसंच. पण १० वरून ११ आणि मग १२, एवढी उडी ४जी च्या पीपीपीवरून मारायची नाही. शेकडो एमबी डेटा जाईल ते एक, मधे कर्नल बदलते ते दुसरं. मी असं पाहिलं आहे की चालू कर्नलचे मॉड्यूल अपग्रेडनं काढून टाकले, रीबूट व्हायच्या आधीच लाइन पडली, मॉडेमचा ड्रायव्हर परत लोड झाला नाही आणि पीपीपीडी म्हणते या सिस्टीममध्ये पीपीपीचा सपोर्टच नाही. वरून डेस्कटॉपवाल्या पॅकेजांसोबत मॉडेममॅनेजर आत आला तर तो सगळ्या टीटीवाययूएसबी पोर्टांवर स्वतःच एटी पाठवून पाहते, तुमचा चॅट स्क्रिप्ट बोंबलते. तो आला असेल तर काढून टाका किंवा युडेव्हच्या (लावलेली उपकरणं ओळखणारी सेवा) नियमात त्या मॉड्यूलला मॉडेममॅनेजरनं हात लावू नये असं लिहा.

नवीन कार्ड ऑफिसात बनवा. डेबियन १२ वर पीपीपी २.४.९ मिळते, पीअर फाइली तशाच चालतात. एक डबा टेबलावर दोन दिवस चालवा, सिम काढा-घाला, लाइट बंद-चालू करा. मृग लागायच्या आधी रेन गेजचं नरसाळं साफ करायला तुमचा माणूस प्रत्येक बागेत जातोच ना, तेव्हा कार्ड बदलून घ्या. जुनं कार्ड डब्यातच चिकटवून ठेवायला सांगा.

आणि हो, तेव्हाच हिंगणावाल्याचा आरएनडीआयएस पण करता येईल, समोर माणूस असतोच. मला स्वतःला पीपीपीच आवडते, लॉगमध्ये सगळं दिसते म्हणून. पीपीपीच्या आधीचं स्लिप पाहिलं आहे मी, १९८८ चा आरएफसी १०५५, त्यात आयपी पत्तासुद्धा दोन्हीकडं हातानं टाकावा लागायचा आणि फ्रेम खराब झाली की नाही हे तपासायची सोयच नव्हती, त्यामुळे पीपीपीला म्हातारं म्हटलं की मला थोडं लागते.

हिंगणा_एमआयडीसी
काका, म्हातारं नाही म्हटलं जी मी 😀 फेकून दे म्हटलं फक्त.

धरमपेठ_फायबर
मधेच घुसतो. माझ्या घरी फायबर आहे, ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये आणि मागं जुन्या पीसीवर डेबियन, तो पीपीपीओई (इथरनेटवरचं पीपीपी) डायल करते. सिरीयल नाही, पण पीपीपीडी तेच. मला हे ईएपीवालं लागू होते का? पॅकेज २.४.७ च आहे, शेपूट नाही.

तार_आणि_टोन
तुम्हाला लॉगरवाल्यापेक्षा जास्त लागू होते. तुमचं दुसरं टोक खरंच बाहेर आहे, आणि पीपीपीओईच्या शोधाला त्या लेअर-टू (इथरनेट) नेटवर्कवर जो आधी उत्तर देईल तोच तुमचा सर्व्हर बनते. तुम्ही आजच करा, तुमच्यापाशी मशीन समोर आहे आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आहे.

फक्त २.४.९ किंवा वर गेले तर दोन गोष्टी पाहा. पीअर फाइलीत प्लगइन म्हणून आरपी-पीपीपीओई लिहिलं असेल, २.४.९ मध्ये त्याचं नाव नुसतं पीपीपीओई केलं आहे, जुनं नाव सध्या चालून जाते पण बदलून घ्या. आणि प्लगइन कुठल्या वेगळ्या जागेवरून स्वतः कंपाइल केलेलं असेल तर ते नवीन पीपीपीडी घेणारच नाही, प्लगइन एका आवृत्तीचं आणि मी दुसऱ्या आवृत्तीचा असं म्हणून तिथंच बंद होते. २.५ ला तर प्लगइनच्या हेडर फाइलीच बदलल्या, तेव्हा नुसतं परत कंपाइल करून भागत नाही, कोडमध्ये हात घालावा लागते. पॅकेजसोबत जे प्लगइन येते तेच वापरा.

धरमपेठ_फायबर
स्वतः कंपाइल केलेलं नाही, पॅकेजचंच आहे. जेवण झालं की करतो.