सरकारी हापिसात आयटीची पोरं का टिकत नाहीत?

कृष्णाकाठ_सांगली
वारस नोंदीचा अर्ज ई-हक्कवर, म्हणजे सातबाऱ्याच्या फेरफाराच्या सरकारी वेबसाईटवर केलेला, महिना झाला तरी पुढं सरकंना म्हणून तालुक्याला गेलतो. तिथले भाऊसाहेब म्हणाले थांबा, आमचा पोरगा आला की बघतो. पोरगा म्हणजे एजन्सीकडनं आलेला, अकरा महिन्याची ऑर्डर, प्रिंटरपासनं पासवर्डपर्यंत सगळं हापिस त्याच्या डोक्यात, आणि पगार विचारला तर लाजला बिचारा. आपल्याकडं सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज 1947 पासनं आहे, कराडला सरकारी इंजिनिअरिंग 1960 पासनं, आणि पोरं डिग्री हातात पडली की खंबाटकी घाट ओलांडून पुण्याच्या हिंजवडीला. माझं म्हणणं, जिल्ह्याला चार का असंनात पण कायम पदं काढा, प्रमोशनसकट.

अजिंक्यतारा_77
आणि पैसे कुठनं आणणार? हिंजवडीचा पगार झेडपी देणाराय का. त्यापेक्षा आहेत त्यांनाच शिकवा की. सरकारची स्वतःची कॉम्प्युटर संस्था एनआयसी 1976 पासनं आहे, कर्मयोगी या सरकारी ट्रेनिंगच्या वेबसाईटवर फुकट कोर्स आहेत. शिकायचंच नसंल तर नवीन भरून काय फरक पडणाराय.

बदलीपात्र
मी सरकारी लिपिक, म्हणून बोलतो. ते कर्मयोगीचे व्हिडिओ आम्ही मोबाईलवर चालू ठेवून खाली फायली बघतो, कारण फायली कोण थांबवत नाही. नोकरी लागली ती एमएससीआयटी आणि टायपिंगवर, मिनिटाला मराठी 30 इंग्रजी 40 शब्द. पुढचं सगळं काम शेजारच्या टेबलावरच्याकडं बघून शिकलो, चहा पाजून. आता कुठं हात बसला तर तीन वर्षं झाली, टेबल बदललं, नवीन माणूस परत पहिल्यापासनं. अजिंक्यतारा साहेब, शिकवा म्हणायला सोपं आहे, शिकलेला माणूस त्या खुर्चीवर ठेवणार कोण?

अजिंक्यतारा_77
बदल्या बंद केल्या तर तिथंच मुळं धरून बसतील, मग चहा पाजायची पाळी आमच्यावर 😄 आणि कायम झाला की हाच गुणी पोरगा बारा वाजता यायला लागंल, लिहून घ्या. कंत्राटी निदान फोन तरी उचलतो.

हिंजवडीचा_सातारकर
फोन उचलतो कारण ऑर्डर संपायची भीती असते, त्याला गुण कशाला म्हणताय. मी दहा वर्षं डेटाबेस सांभाळतोय, आईवडील साताऱ्यात, निम्म्या पगारावर पण येईन, पण दर अकरा महिन्यानं हात जोडायला नाही येणार. सप्टेंबर 2023 ला सरकारनं कंत्राटी भरतीचा जीआर काढला, बोंब झाली तसा ऑक्टोबरात रद्द केला, तरी तालुक्यातला पोरगा अजून एजन्सीचाच आहे ना? आणि माझं वय 36 आहे, खुल्या गटाला 38 ची अट, म्हणजे पद निघेस्तोवर मी बाद.

अजिंक्यतारा_77
वयाचं पटलं. कायमचं नाही पटत. पाच वर्षांची ऑर्डर द्या, काम बघून वाढवा.

बदलीपात्र
पाच वर्षं पण चालंल, निदान आम्हाला विचारायला माणूस राहील.
कृष्णाकाठ, तुमची वारस नोंद झाली का?

कृष्णाकाठ_सांगली
कुठली. आज परत गेलतो, पोरगा रजेवर. कायम लिपिक व्हायचंय त्याला, टायपिंगची परीक्षा द्यायला गेलाय.