मदत हवी आहे: एकच गाव रिपोर्टमध्ये तीन-तीनदा यायलंय, अक्षरं तर सेम टू सेम

मोंढ्यातला_पोरगा, हिंगोली:

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले डोकं चालंना म्हणून शेवटी इथं टाकायलो. मामाचं मोंढ्यात आडत दुकान आहे, हळदीचं. मागच्या वर्षी मी त्याला अँड्रॉइडवर छोटं अ‍ॅप करून दिलं, कोटलिन भाषेत, आत एसक्यूलाइट डेटाबेस आणि तो हाताळायला रूम लायब्ररी, म्हणजे शेतकऱ्याचं नाव, गाव, कांडी का गट्टू, कट्टे किती, वजन, भाव, हमाली तोलाई वजा करून पट्टी. पट्ट्या बरोबर निघतात, त्यात काही लफडं नाही. लफडं आहे गाववार रिपोर्टात.

डिग्रस कऱ्हाळे हे एकच गाव रिपोर्टमध्ये तीनदा दाखवायलंय. एका ओळीत ४१.६० क्विंटल, दुसरीत १८.२५, तिसरीत ६.१०. स्पेलिंग तेच, मोबाइल डोळ्याला लावून बघितला, काना मात्रा सगळं तेच. मामानं वहीत बेरीज केली ती ६८.३५ आली, आणि ह्या तिन्हीची होते ६५.९५. म्हणजे गाव तीनदा येऊन वर २ क्विंटल ४० किलो गायबच. मामा म्हणला, "तुझ्या मशीनला गाव ओळखंना, अन् तू मला हिशोब शिकवतो व्हय." तवापासून दुकानात वही परत चालू झालीय.

क्वेरी साधी आहे, सम वजन, ग्रुप बाय गाव, म्हणजे एकेका गावाच्या वजनाची बेरीज. ट्रिम करून बघितलं, काही फरक नाही.

दुसरं एक, हाच डेटा लॅपटॉपवर पांडाज ह्या पायथन लायब्ररीत घेऊन महिनावार आवक काढली तर डिसेंबरात हळद दिसायलीय!! डिसेंबरात हळद वावरात असते हो. तारखा १२-०४-२०२५ अशा टेक्स्टमध्ये ठेवल्यात. आधी एरर येत होती, मग नेटवर बघून एरर्स इज इक्वल टू कोअर्स टाकलं तर चालू लागलं.

लातूरची_डाळ:

भाऊ हे नक्की झिरो विड्थवालं कॅरेक्टर असतंय. दिसत नाही पण आत बसलेलं असतंय. ट्रिम फक्त कडेच्या स्पेसला लागतंय, मधल्याला नाही. रिप्लेस मारून सगळे झिरो विड्थ उडवून टाक, विषय संपला. मला पण ऑफिसात हेच झालतं, एक्सेलवरून कॉपी केलेल्या नावात.

नांदेडची_ताई:

थांबा थांबा, उडवू नका! आधी एक करा, तिन्ही नावांची लेन्थ (आत किती खुणा आहेत ते) आणि हेक्स (आतले बाइट) काढा एसक्यूलाइटमध्येच, फक्त "कऱ्हाळे" एवढ्या शब्दाची काढली तरी चालेल. मग सांगते.

मोंढ्यातला_पोरगा:

ताई काढलं. पहिल्याची लेन्थ ७, दुसऱ्याची ८, तिसऱ्याची पण ८. पण दुसऱ्या तिसऱ्याचा हेक्स वेगळाय. तिसऱ्यात मधीच ई२ ८० ८डी असं आहे, बाकी सगळे ई० नं सुरू होणारे.

नांदेडची_ताई:

मला वाटलंच. तुमचा चोर म्हणजे तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, ऱ्हा मधला. तो लिहायच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्ही स्क्रीनवर एकसारख्या दिसतात.

पहिली तऱ्हा, ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला नंबर देणारी पद्धत) ०९३१, मग हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट जे दाबलं की हेच येतं. दुसरी, साधा र म्हणजे ०९३०, त्याच्यामागे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) ०९३सी, मग हलन्त. म्हणून एक अक्षर वाढलं. तिसरी, साधा र, हलन्त, आणि मागे झिरो विड्थ जॉइनर, तोच तुमचा ई२ ८० ८डी. कोणी मोबाइलवर टाइप केलं, कोणी लॅपटॉपवर, कोणी एक्सेलमधून चिकटवलं, की झाली खिचडी. एसक्यूलाइट डीफॉल्टला बाइट बघून तुलना करतं, त्याला डोळे कुठायत.

आता लातूरकरांचा उपाय का नको ते बघा. जॉइनर नुसता उडवला तर उरतं र, हलन्त, ह. म्हणजे रफार! कऱ्हाळेचं कर्हाळे होऊन बसेल, गावं तीनाची तीनच, वर नाव चुकीचं. आणि मला खात्री आहे तुमचे ते हरवलेले २ क्विंटल ४० तसेच कुठंतरी रफाराखाली असतील, लिस्टमध्ये खाली स्क्रोल करून बघा.

बरोबर क्रम असा. आधी गावाचं नाव एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या एका ठरलेल्या रूपात, नॉर्मलाइझ करा, कोटलिनमध्ये जावाचा नॉर्मलायझर चालतो, त्यानं दुसरी तऱ्हा पहिलीत येते. तिसरी तो हलवत नाही, ती हातानं करायची, र हलन्त जॉइनर ह्या तिघांच्या जागी ऱ हलन्त. पांडाजमध्ये कॉलमला एसटीआर डॉट नॉर्मलाइझ आहे, त्यातही एनएफसी द्या. आणि हे फक्त सेव्ह करताना नाही, सर्च बॉक्समध्ये जे टाइप होतं त्यालाही लावा, नाहीतर नोंद आहे पण सापडंना अशी बोंब होईल.

रफारवाल्या नावांना मात्र कोडनं हात लावू नका. सगळीकडं र्‌य, र्‌ह दिसलं की ऱ करायचं म्हणलं तर अर्हताची वाट लागेल, आणि आचार्यांना दिलेली दक्षिणा आचाऱ्यांना जाईल. दर्या आणि दऱ्या वेगळे, मराठीत दोन्ही खरे. ती नावं माणसानं बघूनच दुरुस्त करायची.

मोंढ्यातला_पोरगा:

ताई!!! सापडलं. कर्हाळे असं खाली वेगळं, २.४० क्विंटल, लिस्टमध्ये पार शेवटी कारण मी ओळी वजनानं लावल्यात. म्हणजे ६८.३५ जुळलं. मुनीमजींनी टाकलेली नोंद आहे ती.

तारखेचं पण सांगता का. आणि दुरुस्ती रूमच्या मायग्रेशनमध्ये (व्हर्जन बदलताना जुना डेटा नव्यात नेणारा कोड) करू का? डेटाबेसचं व्हर्जन वाढवलं तर अ‍ॅप क्रॅश व्हायलंय, एका ठिकाणी वाचलं की फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन टाकलं की क्रॅश थांबतं.

लातूरची_डाळ:

आईशप्पथ ते टाकू नको रे. क्रॅश थांबतंय कारण ते सगळे टेबल पाडून नवीन रिकामे बनवतंय. मामाचा पूर्ण सीझन जाईल. १ ते २ असं मायग्रेशन स्वतः लिही, एसक्यूलाइटला नॉर्मलाइझ येत नाही म्हणून आत कर्सर फिरवून वेगवेगळी गावं वाच, कोटलिनमध्ये साफ कर, अपडेट मार. आणि आधी बॅकअप.

मघाशी माझं चुकलं, ताईचं बरोबर हाय. आता ऑफिसातली ती जुनी नावं परत बघावी लागणार, मी तर बिनधास्त उडवलेली.

तारखेचं सोपंय. पांडाजनं पहिली तारीख बघून अंदाज बांधला की महिना आधी हाय, म्हणून १२-०४ ची झाली ४ डिसेंबर. १५-०४ आली तर पंधरावा महिना नसतोय म्हणून एरर, आणि तू कोअर्स टाकून ती एरर गप केलीस, म्हणजे १२ तारखेनंतरच्या सगळ्या नोंदी रिकाम्या झाल्या. तुझ्या आवकेतून निम्म्याहून जास्त महिना गायब असणार. फॉरमॅटमध्ये दिवस महिना वर्ष स्पष्ट सांग आणि कोअर्स काढ. डेटाबेसमध्ये पण २०२५-०४-१२ असं वर्ष आधी ठेव, म्हणजे टेक्स्ट असलं तरी सॉर्टिंग बरोबर लागतंय.

मोंढ्यातला_पोरगा:

बॅकअपवरून आठवलं, माझ्या अ‍ॅपात बॅकअपचं बटण आहे, आडत डॉट डीबी फाइल उचलून शेअर करतं. आत्ता ती लॅपटॉपवर उघडली तर शेवटच्या आठ दिवसांच्या पट्ट्याच नाहीत!! मोबाइलमध्ये दिसायल्यात. घाम फुटला राव.

नांदेडची_ताई:

घाबरू नका, डेटा आहे. रूम बहुतेक फोनवर डब्ल्यूएएल मोडमध्ये चालतं, नव्या नोंदी आधी शेजारच्या डॅश वाल नावाच्या फाइलीत जातात आणि मग सवडीनं मुख्य फाइलीत. कच्च्या वहीतून पक्क्या वहीत उतरवतात तसं. तुम्ही पक्की वही तेवढी उचलली. कॉपी करायच्या आधी प्रॅग्मा वाल चेकपॉइंट ट्रंकेट ही कमांड चालवा, ती सगळं पक्क्या वहीत उतरवते, नाहीतर डेटाबेस बंद करून मग कॉपी करा. आणि बॅकअप उघडून शेवटची पट्टी दिसते का हे बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

गावासाठी वेगळं टेबल करा, नोंदीत फक्त गावाचा आयडी. गाव टाइपच करायला देऊ नका, यादीतून निवडायचं.

मोंढ्यातला_पोरगा:

अपडेट. चेकपॉइंट टाकून बॅकअप घेतला, शेवटची पट्टी दिसली, मग मायग्रेशन चालवलं. डिग्रस कऱ्हाळे एकच ओळ, ६८.३५. रफारवालं मुनीमजींसमोर बसून हातानं बदललं. डिसेंबर पण रिकामा झाला.

मामाला दाखवलं तर वहीवर बोट ठेवून दोनदा ताडून बघितलं अन् म्हणला, बरं मग आता कुरुंद्याचं काढ. वही काय अजून बंद केली नाही त्यानं. मुनीमजी मात्र यादीतून गाव निवडायला तयार नाहीत, म्हणतात टाइप करायला फास्ट पडतं. त्यांच्यासाठी टाइप करता करता यादी गाळून दाखवायचं करायलोय, अडलं तर इथंच विचारतो.