‘नटोरियस’ (१९४६): प्रेमपट थोर, पण हेरपट म्हणून कच्चा?

रीळवाचक (धागाकर्ता)

हिचकॉकचा ‘नटोरियस’ प्रेमपट म्हणून थोर आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण हेरपट म्हणून तो कच्चा आहे, आणि रिओ दि जानेरो हे त्यात नुसतं मागे टांगलेलं चित्र आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कथा थोडक्यात सांगतो (पुढे शेवटही उघड होणार आहे). एप्रिल १९४६, मायामी. जर्मनीसाठी काम केल्याबद्दल २० वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाची मुलगी ॲलिशिया (इन्ग्रिड बर्गमन). अमेरिकी हेर डेव्हलिन (केरी ग्रँट) तिला रिओला नेतो. दोघं प्रेमात पडतात, आणि तेवढ्यात वरून हुकूम येतो की वडिलांचा जुना स्नेही, रिओतल्या नाझी टोळीतला अलेक्स सबॅस्टियन (क्लॉड रेन्स) याला तिने जाळ्यात ओढायचं. ती त्याच्याशी लग्नच करते. तळघरात वाइनच्या बाटल्यांमध्ये युरेनियमची माती भरलेली सापडते.

आता चुका बघा. तळघराची एकच चावी, ती अलेक्सच्या जुडग्यात. ॲलिशिया ती मेजवानीच्या रात्री काढून घेते, म्हणजे नेमकी ज्या रात्री शॅम्पेन आणायला तळघर उघडावं लागणार त्या रात्री! मेणात किंवा ओल्या साबणात ठसा घ्यायला अर्धा मिनिट लागतो. तो घेऊन चावी लगेच जागेवर ठेवता आली असती. दुसरं, ज्याच्यावर नवऱ्याचा आधीच संशय आहे तो डेव्हलिन पाहुणा म्हणून सगळ्यांसमोर घरात येतो. तिसरं, तळघरात डेव्हलिनच्या हातून बाटली फुटल्यावर केलेली झाकपाक. दुसऱ्या बाटलीतली वाइन ओतून टाकून तिच्यात माती भरतात, पण तिच्या लेबलावरचं साल वेगळं. मोरीत वाइनचे थेंब तसेच, मांडणीखाली काचा तशाच. अलेक्सला सगळं कळायला दोन मिनिटं पुरतात.

कळसूत्र

असहमत. आधी ठशाचं बघू. पडद्यावर चावी जवळून दिसते, ती चपटी, दातेरी, आजच्या दाराला असते तशी. असल्या कुलपात आतल्या प्रत्येक पिनेला ठराविक खोलीचा दाता लागतो. काही दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं की चावी आत जाते, पण फिरत नाही. साबणातल्या ठशावरून ती कापायची तर कुशल कारागीर, कोरी चावी आणि कुलपावर दोन-तीनदा लावून बघण्याची मुभा हवी. त्या घरात चाव्यांवर सासूची नजर असते. तिथे चावी लावून बघायला जाणार कोण? जुन्या दांडीच्या चावीला तुमचा उपाय चालला असता, या चावीला नाही.

शिवाय चावीवर आणि कुलपावर एकच शब्द कोरलेला आहे, ‘उनिका’. ॲलिशियाला जुडग्यातली नेमकी चावी ओळखू येते ती त्यामुळेच. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ ‘एकमेव’. अशी विणकाम केल्यासारखी टाके जुळवलेली पटकथा असताना तिला कच्ची कसं म्हणायचं?

आणि मेजवानीच का? कारण डेव्हलिनला राजरोस घरात शिरायला दुसरं निमित्त नाही. चुकीची रात्र त्यांनी निवडली असं नाही, त्यांना मिळणारी ती एकच रात्र होती. बर्फात लावलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या एकेक करून कमी होतात, तेच त्या प्रसंगाचं घड्याळ. घड्याळाचा काटा दाखवण्यापेक्षा हे कितीतरी सरस, कारण पाहुणे जितके खुशीत, तितकी वेळ लवकर भरणार.

काळी वाळू

मला खटकतात त्या बाटल्या. युरेनियमचं खनिज अतिशय जड असतं. रत्नागिरीकडची काळी इल्मेनाइट वाळू ओंजळीत घेऊन बघा. साध्या वाळूच्या मानाने किती जड लागते. युरेनियमचं चांगलं खनिज त्याहून जड. पाऊण लिटरच्या बाटलीत दळलेलं खनिज ठासून भरलं तर नुसता माल ४ किलोच्या आसपास जाईल. वाइनने भरलेली बाटली काचेसकट सव्वा-दीड किलोची. उचलताक्षणी फरक कळावा. आठवा, मेजवानीच्या किती तरी आधी जेवणाच्या वेळी टेबलाजवळची एक बाटली बघून अलेक्सचा साथीदार एमिल हुप्का घाबरतो आणि त्या घाबरण्यापायी त्याचा जीव जातो. ती भरलेली असती तर नोकराच्या हातालाच आधी कळलं असतं!

आता हिशेब. नैसर्गिक युरेनियममध्ये बाँबला लागणारं २३५ हे समस्थानिक ०.७ टक्के. एका बाटलीत साडेतीन किलो युरेनियम धरलं तरी २५ ग्रॅमपलीकडे काही निघत नाही. हिरोशिमावरच्या बाँबमध्ये ६४ किलो समृद्ध युरेनियम होतं, त्यात २३५ सुमारे ५० किलो. थेंबभर वाया न घालवता काम केलं तरी २००० बाटल्या लागतील, आणि वेगळं करायला लागणारे अजस्र कारखाने वेगळेच. त्या तळघरात मांडणीभर बाटल्या आहेत.

कळसूत्र

हिशेब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. ते लोक बाँब बनवताहेत असं चित्रपट कुठेच म्हणत नाही. खनिज कुठे आहे हे त्यांना सापडलंय आणि ते दडवून ठेवताहेत, इतकंच. नमुने दडवायला पन्नास बाटल्या पुष्कळ झाल्या. वजनाचा मुद्दा मात्र मान्य. डेव्हलिनच्या हाताला ते वजन जाणवायला हवं होतं.

दुसरं रीळ

रिओबद्दल बोलतो, कारण धागाकर्त्यांचा खरा अन्याय तिथे झालाय. नट रिओला गेले नाहीत, हे खरं. तिथे चित्रीकरण करून आणलेली दृश्यं अर्धपारदर्शक पडद्यावर मागून टाकायची आणि पुढे नट उभे करायचे, अशी ही पद्धत. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांची झडप एकाच तालात उघडावी लागते, नाहीतर मागचं चित्र लुकलुकतं. पुढच्या दिव्यांचा उजेड पडद्यावर सांडला तर चित्र फिकं पडतं, म्हणून नटांना पडद्यापासून अंतर राखून उभं करायचं. मधला भाग जास्त उजळ आणि कडा काळसर, हा दोष तर असायचाच. हे सगळं ‘नटोरियस’मध्ये दिसतं, मी नाकारत नाही.

पण गच्चीतल्या चुंबनाचा प्रसंग बघा. तेव्हाच्या सेन्सॉरच्या धाकाने चुंबन तीन सेकंदांहून लांबवायचं नाही असं मानलं जाई. म्हणून दोघं ओठ टेकवतात, बोलतात, पुन्हा टेकवतात, कोंबडी शिजवण्याची चर्चा करतात, गच्चीतून फोनपर्यंत आणि तिथून दारापर्यंत एकमेकांना बिलगून चालत जातात. जवळजवळ अडीच मिनिटं. मागचा समुद्र तेव्हा धूसर आहे, आणि तो तसाच हवा. त्या दोघांना तो दिसतच नाहीये.

रीळवाचक (धागाकर्ता)

चावीच्या बाबतीत माघार घेतो. रिओच्या बाबतीत नाही. दोष तंत्राचा आहे असं मी म्हणतच नाही. ब्राझीलने ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं, सुमारे २५,००० सैनिक इटलीत लढायला पाठवले, तिथल्या पोलिसांनी युद्धकाळात जर्मन हेरांची टोळकी पकडली. त्या देशातल्या कथेत ब्राझीलचा माणूस म्हणजे बैठकीत बसलेला बार्बोसा आणि बाकी नोकरचाकर! हीच कथा ब्यूनस आयर्सला नेली असती तर एक संवाद तरी बदलावा लागला असता का?

दुसरं रीळ

हा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच की हा दोष एकट्या या चित्रपटाचा नाही. त्या काळात स्टुडिओने परदेश दाखवला की स्थानिक माणूस बहुधा ट्रे घेऊनच यायचा.

कळसूत्र

लेबल, मोरी, काचा यांचं राहिलंच. डेव्हलिन सराईत आहे, मग ढिलाई का? कारण बाटली पडते तेव्हा त्याचं लक्ष बाटल्यांवर नसतंच. पायऱ्यांवर अलेक्स दिसल्यावर संशय दुसरीकडे वळवायला तो तिला मिठीत घेऊन चुंबन घेतो, आणि ते खोटं ठरत नाही. हेर म्हणून त्याची चूक आणि प्रेमिक म्हणून त्याचा कबुलीजबाब एकाच जागी घडतो. प्रेमपट एकीकडे आणि हेरपट दुसरीकडे, अशी वाटणी त्यामुळेच मला मान्य नाही.

शेवटही तसाच. अलेक्स आणि त्याच्या आईने विष पाजलेल्या ॲलिशियाला डेव्हलिन जिन्यावरून खाली आणतो, अलेक्सचे साथीदार खाली उभे आहेत, बायको हेर आहे हे त्यांना कळलं तर त्याची खैर नाही, म्हणून अलेक्सला मुकाट सोबत उतरावं लागतं. बंदूक नाही, पाठलाग नाही. डेव्हलिन गाडीचं दार आतून लावून घेतो, आणि अलेक्सला वळून घरात जावं लागतं.

काळी वाळू

गाडीच्या दाराबद्दल +१. बाटलीच्या वजनाबद्दल मी माझ्या जागी ठाम आहे.